शुद्ध शाकाहारी खत

माझ्या झाडांना मी हाडं चारणार नाही, एवढंच मी म्हणाले होते. त्यात गुन्हा काय, ते टोणपेसाहेबांना अजून सांगता आलेलं नाही.

टोणपेसाहेब म्हणजे वनौषधी मंडळाचे तपासनीस. माणूस वाईट नाही. फक्त हातात फॉर्म आला की त्यांना समोरचं माणूस दिसत नाही, रकाना दिसतो. त्या दिवशी ते माझ्या शेडमध्ये आले, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, डोक्याला टोपी घातली आणि दिव्यांच्या जांभळट उजेडात उभे राहून म्हणाले, "काकू, खताच्या रकान्यात तुम्ही 'रासायनिक' लिहिलंय."

"मग? तेच घालते मी."

"यंदापासून सेंद्रिय सक्तीचं झालंय. परिपत्रक आलं की! बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक नुसतं औषध मागत नाही, सेंद्रिय औषध मागतंय. बंद खोलीत चालतील अशा खतांची यादी जोडलीय खाली."

मी यादी वाचली. हाडांचा चुरा. रक्ताची भुकटी. मासळीचा अर्क. त्याखाली बारीक अक्षरात, शिंगं आणि खुरांचा भुगा.

"साहेब, ही खताची यादी आहे का खाटकाची?"

"काकू, हे सगळं नैसर्गिक आहे. शुद्ध आहे."

"हाडं शुद्ध आणि माझं खताचं मीठ अशुद्ध?"

"मी नाही म्हणत. परिपत्रक म्हणतंय."

आता माझी ओळख करून देते. मी त्रिशला अकिवाटे. इचलकरंजीच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं बाटल्या हलवल्या. आमच्या ह्यांचे चोवीस माग होते. धंदा बसला, माग भंगारात गेले, शेड रिकामी राहिली. ह्यांना फिट यायच्या. त्यावरचे थेंब तेव्हा परदेशातून मागवावे लागायचे, आणि ते येईपर्यंत हे गेले. ते थेंब भांगेच्या झाडापासून काढतात, हे मला बाटलीवर वाचून कळलं. पुढं चार वर्षांनी सरकारनं बंद खोलीत औषधी भांग लावायचे परवाने काढले, तेव्हा इचलकरंजीतला पहिला अर्ज माझा होता.

आमची भांग चढत नाही. जातच तशी आहे. पेठेतल्या तिघा टग्यांनी एकदा माझ्या कचऱ्यातली पानं पळवून, दुधात वाटून प्यायली. तिघांना दोन दिवस जुलाब झाले. नशा अजून व्हायचीय.

पहिलं रोप लावलं त्या दिवशी मी नियम घेतला होता. आमच्या जैनांत नियम घ्यायची रीत आहे. कुणी बटाटा सोडतं, कुणी सूर्य मावळल्यावर जेवण सोडतं. मी मंदिरात हात जोडून म्हटलं, या शेडमध्ये कुठल्याही जिवाचं हाड येणार नाही. माझ्या मते जगातलं सगळ्यात शाकाहारी खत कारखान्याचं. तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस, कॅल्शियम नायट्रेट. पांढरं कोरडं मीठ. हवेतून काढलेलं, दगडातून काढलेलं. त्याच्यासाठी कुणी मेलं नाही आणि त्याच्यात कुणी जगतही नाही. रानात हेच ढिगानं ओतलं तर विहिरी नासतात, ते मी एकतीस वर्षं बाटलीत बघितलंय. पण माझ्या शेडमध्ये तेच पाणी फिरून फिरून येतं, थेंब बाहेर जात नाही. आणि झाडाच्या मुळाला विचाराल, तर त्याला शेणही कळत नाही आणि कारखानाही कळत नाही. सगळं कुजून, विरघळून शेवटी नायट्रेट झालं की मूळ ते गपकन ओढतं. मूळ जन्मदाखला मागत नाही.

माणसं मागतात.

"वहिनी, जरा जुळवून घ्या की ओ," भरतेशभाऊजी म्हणाले. भरतेश म्हणजे माझे धाकटे दीर, सेंद्रिय वनौषधी उत्पादक संघाचे अध्यक्ष. वय बावन्न, डोक्यावर केस पंचविशीतले. "हाडं नको तर नको. आपण जीवामृत करू. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. यात कोण मेलंय?"

"त्यात कोटी जीव आहेत, भाऊजी. आंबवायचं म्हणजे जंतूच वाढवायचे."

"ते आनंदात आहेत, वहिनी. गूळ खातायत."

मी म्हटलं, करून बघू. हट्टी आहे, पण अडाणी नाही. भाऊजींनी दोनशे लिटरचं पिंप शेडच्या कोपऱ्यात ठेवलं, स्वतः काठीनं ढवळलं आणि झाकण लावून संघाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नाही. बंद खोलीतली यंत्रणा हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत असते. पिंपातल्या कोटी जिवांनी गूळ खाऊन जो श्वास सोडायला सुरुवात केली, त्यानं तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्रणेची खात्री पटली की शेडला आग लागलीय. तिनं दिवे बंद केले. दारं आपोआप लावून घेतली. छतातून फवारे सोडले. अग्निशामक दलाला फोन केला, आणि माझ्या मोबाईलवर गोड आवाजात सांगितलं, "कृपया घाबरू नका." भाऊजी तेव्हा आतच होते, पिंप ढवळत. अंधारात ते दाराकडे पळाले, पिंपाला धडकले आणि पिंप आडवं झालं.

दलाच्या माणसांनी दार फोडलं तेव्हा भाऊजी जीवामृतात नखशिखान्त न्हाऊन बाहेर आले, दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून.

"डोक्याला लागलं काय?" मी टॉवेल घेऊन पुढं गेले.

"नको! हात लावू नका!" असे ओरडले की मी जागच्या जागी थांबले. आणि थांबले म्हणूनच दिसलं. उजव्या कानावर भाऊजींचे केस दोन बोटं वर सरकले होते, आणि त्याखालचं टक्कल ताज्या स्टीलच्या वाटीसारखं चमकत होतं.

मी टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि दलाच्या माणसांना चहाला बोलावलं.

पुढं महिनाभर शेडमध्ये चिलटं होती. मी परत मिठावर आले.

आणि मग डबा आला.

या डब्यामागचं शास्त्र सोपं आहे. हवेत जो नायट्रोजन आहे, ज्याला आपण नत्र म्हणतो, त्यात दोन भाऊ असतात. एक हलका, एक जड. जड भाऊ अडीचशे-तीनशेत एखादाच. कारखाना हवेतूनच खत करतो, म्हणून त्याच्या खतात दोघांचं प्रमाण हवेतल्यासारखंच राहतं. पण शेण पडलं, हाड कुजलं, की हलका भाऊ आधी वाफ होऊन निसटतो आणि जड मागं राहतो. गवत बोकडानं खाल्लं की बोकडाच्या अंगात जड थोडा वाढतो, बोकड माणसानं खाल्ला की माणसाच्या अंगात आणखी थोडा. दर घासाला एक पायरी. हे मोजायचं यंत्र पूर्वी कपाटाएवढं असायचं. आता ते जेवणाच्या डब्याएवढं झालं. पानाचा तुकडा आत ठेवा, झाकण लावा, दोन मिनिटांत जड भावाचा आकडा. पाचाच्या खाली रासायनिक, पाचाच्या वर सेंद्रिय.

टोणपेसाहेबांनी माझं पान ठेवलं. डबा म्हणाला, शून्य पूर्णांक आठ.

"काकू, एकही नाही हो."

"खोटं कशाला बोलेल? मी मीठच घालते."

"आता दुसरं वाचन कापणीच्या आधी. तेच शेवटचं. तेव्हाही असंच आलं तर परवाना गेला, शेडला सील. अजून वेळ आहे. मासळीचा अर्क दोन आठवडे जरी दिला..."

"साहेब, सील आत्ताच लावता का? तुमचा हेलपाटा वाचेल."

त्यांनी मान हलवली आणि शेऱ्यात लिहिलं, 'परवानाधारक सहकार्य करीत आहे.' तिथं दुसरा पर्याय नव्हता म्हणे.

आता माणसाच्या हातात मोजायचं यंत्र दिलं तर तो फक्त पानं मोजत बसेल का? पहिल्याच आठवड्यात कुणीतरी डब्यात केस टाकला. केसातही नत्र असतंच. डब्यानं सांगितलं, नऊ पूर्णांक चार. बघणाऱ्यांनी कंपनीचं पत्रक वाचलं. आठाच्या वर म्हणजे माणूस मटण-मासळी खाणारा.

झालं. मोबाईलच्या दुकानात 'केस तपासून मिळेल' अशा पाट्या लागल्या. स्थळ बघायला आलेली मंडळी पोहे खाता खाता मुलाच्या खांद्यावरचे केस वेचायला लागली. एका सोसायटीनं फ्लॅट विकताना कंगवा जमा करायचा नियम काढला. न्हाव्यांचे दिवस पालटले, कारण कुणाचा केस कुणाला मिळेल याची चावी त्यांच्या केराच्या डब्यात होती. आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी तर कापलेले केस गिऱ्हाइकाच्याच पिशवीत बांधून द्यायला लागला. वर म्हणायचा, "घरी जाऊन जाळा, साहेब. माझ्यावर नको."

आणि संघाला सुचलं ते तर सगळ्यात थोर. परदेशी गिऱ्हाइकाला म्हणे शाकाहारी हातांनी वाढवलेल्या झाडाचं औषध आणखी आवडेल. तेव्हा प्रत्येक उत्पादकाचा केस तपासून 'सात्त्विक उत्पादक' असा बिल्ला द्यायचा. कल्पना भाऊजींची नव्हती, पण अध्यक्ष म्हणून पहिला केस त्यांनाच द्यावा लागला.

कार्तिक महिना होता. हॉलमध्ये बेचाळीस उत्पादक, त्यांच्या बायका, नवरे, सगळे जमलेले. भाऊजींनी कपाळावर आलेला घाम पुसला, अगदी हलक्या हातानं एक केस उपटला आणि डब्यात ठेवला.

सहा पूर्णांक तीन. शाकाहारी, उत्तम.

टाळ्या. भाऊजींचं तोंड मात्र भूत बघितल्यासारखं. कारण भाऊजी दर शनिवारी संघाच्या मीटिंगला कोल्हापूरला जातात. ही मीटिंग एका खानावळीत असते आणि तिला दुसरं कुणी हजर नसतं. एकतीस वर्षं नाकानं पाणी ओळखलेली बाई मी. पांढऱ्या रश्श्याचा वास शर्टाला किती तास टिकतो, ते मला ठाऊक आहे. मी कधी कुणाला बोलले नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकवायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग माझा नंबर आला. मी वेणीतला एक केस दिला. डब्यानं मुळाकडची दोन बोटं कापून घेतली.

आठ पूर्णांक सात. मांसाहारी, मध्यम.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"परत घ्या," मी म्हटलं. परत घेतला. आठ पूर्णांक आठ.

"वाढतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

मग काय विचारता! राजमती, भाऊजींची बायको, माझी सख्खी जाऊ, दुसऱ्या दिवशी माझ्याकडं राहिलेली तिची पापडाची परात मागायला आली. "परत देतेच आहे, पण घासून देऊ का?" मी विचारलं. "राहू द्या अक्का, मी घासते," ती म्हणाली आणि परात पदरात धरून नेली, जसं काही ती चावेल. मंदिरातल्या बायका माझ्याशी बोलायच्या, पण माझ्या केसांकडे बघून. एकीनं तर आपुलकीनं विचारलं, "अक्का, डॉक्टरनी सांगितलंय का? अंडं वगैरे? असलं तर सांगा बाई, औषध म्हणून चालतंय." पुण्याहून लेकीचा, शरयूचा फोन आला.

"आई, खरं सांग. मी काही म्हणणार नाही."

"काय खरं सांगू?"

"खातेस का? खात असलीस तर चांगलंच आहे, प्रोटीन..."

"शरयू, फोन ठेव."

अठ्ठावन्न वर्षांची मी, पायाखाली मुंगी चिरडली तरी दिवसभर चुटपुट लागते. आणि माझ्या नावावर पाव किलो मटण चढलं होतं.

पंधरा दिवसांनी टोणपेसाहेब शेवटच्या वाचनाला आले. मी शेडची किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती. झाडं कापणीला आली होती. कापणीआधी दोन आठवडे मी खत पूर्ण बंद करते, नुसतं पाणी देते. औषधात मिठाचा अंश राहू नये म्हणून. पहिल्या दिवसापासूनची माझी पद्धत. खालची पानं पिवळी पडतात, शेंडे मात्र टवटवीत राहतात. साहेबांनी शेंड्याचं पान खुडलं, डब्यात ठेवलं.

डबा म्हणाला, सहा पूर्णांक दोन. सेंद्रिय, उत्तम.

"काकू!" साहेबांचे डोळे पाणावले. "मला माहीत होतं तुम्ही ऐकणार! काय दिलंत, अर्क का चुरा?"

"पाणी," मी म्हटलं.

"बरं, नका सांगू. गुपित असतं एकेकाचं."

ते गेले, आणि मी तिथंच पिवळ्या पानांसमोर स्टूल ओढून बसले. मीठ खाणारं झाड शेण खाल्लं म्हणून पास झालं. डाळभात खाणारी बाई मटण खाल्लं म्हणून नापास झाली. दोघांच्यात सारखं काय होतं?

एक पिवळं पान गळून माझ्या मांडीवर पडलं. आणि मला माझा भाद्रपद आठवला.

त्या महिन्यात मी सोळाकारणाचं व्रत केलं होतं. महिनाभर एकाआड एक दिवस उपास, आणि त्यातच पर्युषणाचे दहा दिवस नुसतं पाणी. माझे ब्लाउज त्या महिन्यात खांद्यावरून घसरायला लागले होते.

मी सरळ भाऊजींच्या घरी गेले. संघाचा डबा त्यांच्याकडे असायचा.

"डबा हवाय, भाऊजी. एका दुपारपुरता."

भाऊजींनी दार लावून घेतलं. राजमती मंदिरात गेली होती. "कशाला?"

"केस तपासायचाय."

ते मटकन खुर्चीत बसले. "वहिनी, तुम्हाला माहिताय. मला माहिताय की तुम्हाला माहिताय. डोक्याचं त्या पिंपाच्या दिवसापासून, शनिवारचं त्याच्याही आधीपासून." त्यांनी डोक्याकडे हात नेला आणि परत खाली घेतला. "हा टोप चेन्नईवरून आणलाय. कुणा देवळात वाहिलेले केस असतात म्हणे. तो कोण बिचारा जन्मभर इडली-भातावर राहिला आणि बिल्ला मिळाला मला. आणि तुम्हाला... त्या दिवशी मी उठून बोलायला पाहिजे होतं. पाय उचलले नाहीत. आता तुम्ही सगळ्यांसमोर सांगणार, नाही का?"

"भाऊजी, मला माझा केस तपासायचाय."

"माझं नाही सांगणार?"

"मी माणूस आहे. मी काय डबा आहे होय?"

त्यांनी कपाटातून डबा काढून माझ्या हातात दिला, आणि दारापर्यंत सोडायला आले.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मी माझ्या वेणीतल्या केसांचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले आणि एकेक डब्यात ठेवले. अलीकडचे तुकडे, सहा. पलीकडचे, आषाढ-श्रावणातले, सहा. आणि मधला, बरोबर भाद्रपदात वाढलेला तुकडा, अकरा!

अकरा म्हणजे नुसतं मटण नाही. अकरा म्हणजे बिबट्या.

शास्त्र तेच, हलक्या आणि जड भावाचं. पोटात काही आलं नाही की शरीर स्वतःचंच मांस मोडून चालवतं. त्या मोडतोडीत हलका भाऊ आधी बाहेर पडतो, जड मागं राहतो, आणि केसात जाऊन बसतो. डब्याच्या दृष्टीनं मी त्या महिन्यात एक प्राणी खाल्ला होता. त्या प्राण्याचं नाव त्रिशला अकिवाटे. आणि झाडानंही तेच केलं. खत बंद झाल्यावर खालची पानं मोडून शेंड्याला चारली. हलका भाऊ पानातून उडाला, जड शेंड्यात उरला. डब्याला शेण कळत नव्हतं, हाड कळत नव्हतं, मटण कळत नव्हतं. त्याला फक्त कळत होतं, इथं काहीतरी मोडलंय.

आता मी गप्प बसले असते तर सगळं छान होतं. परवाना पाच वर्षांसाठी पक्का. पुढच्या कापणीलाही पाणीच द्यायचं, डबा पास करणारच. पण महिन्याभरात मंडळाचं पत्र आलं. जिल्ह्यातून पहिलं 'सेंद्रिय भूषण' मला. कारण लिहिलं होतं, 'हाडांचा चुरा व मासळी अर्क यांच्या आदर्श वापराबद्दल.' टोणपेसाहेबांनी अंदाजानं रकाना भरला होता.

म्हणजे माझा नियम कागदावर मोडला होता, आणि वर त्याचं बक्षीस.

शरयू म्हणाली, "आई, घे आणि गप्प बस. शेड वाचतेय ना?"

"शेड वाचतेय. पण आत कोण राहणार? चुरा घालणारी बाई. ती मी नाही."

समारंभ संघाच्याच हॉलमध्ये होता. स्टेजवर भाऊजी, टोणपेसाहेब, मंडळाचे एक मोठे साहेब आणि परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस, ज्याला कुणीतरी फेटा बांधून डोळ्यांवर ओढून ठेवला होता. मला शाल दिली, नारळ दिला, काचेचं पान दिलं. मग मोठे साहेब म्हणाले, "दोन शब्द."

मी माईक घेतला.

"मी त्रिशला अकिवाटे. माझ्या झाडांना मी कारखान्याचं मीठ घालते. काल घातलं, उद्याही घालीन. या शेडमध्ये हाड आलेलं नाही आणि मी जिवंत असेपर्यंत येणार नाही."

टोणपेसाहेब उठले. "काकू, वाचन सहा पूर्णांक दोन आहे! लेखी आहे!"

"तुमच्या वाचनानं मी मटणही खाल्लंय. तेही लेखी आहे." मग मी सांगितलं सगळं. भाद्रपद, केसाचे तुकडे, पिवळी पानं. "एकाच डब्यानं दोन गोष्टी सांगितल्या. झाड सेंद्रिय आणि बाई मांसाहारी. दोन्ही वेळी त्यानं बघितला तो उपास. आता मंडळानं ठरवावं. माझा पुरस्कार खरा धरायचा असेल तर माझं मटणही खरं धरा, आणि 'सेंद्रिय भूषण' शेजारी तेही छापा. नाहीतर दोन्ही खोडा. एक डोळा उघडा, एक मिटलेला, असं माझ्याकडे कुणी बघायचं नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मोठे साहेब टोणपेंच्या कानात बोलायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ज्यांच्या सोसायटीत कंगवे जमा होतात तेच. "अहो अक्का, डबा चुकतो म्हणता, मग भरतेशअण्णांचं कसं बरोबर आलं? सहा पूर्णांक तीन! शुद्ध शाकाहारी! म्हणजे डबा बरोबरच आहे. चूक तुमच्यातच आहे काहीतरी!"

"बरोबर!" दोघे-तिघे म्हणाले.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार शब्द. पहिल्या रांगेत राजमती बसली होती, माझ्याकडून आलेली परात परत घासून घेणारी. चार शब्दांत माझं नाव धुऊन निघालं असतं.

मी माईक खाली ठेवला. "त्याचं उत्तर मला माहीत नाही," मी म्हटलं. आयुष्यातलं ते पहिलं खोटं, तेही जिनेंद्रांच्या फोटोखाली.

"हेच!" कंगवेवाले ओरडले. "बघा, उत्तर नाही!"

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. "तर परवान्याबाबत मंडळ योग्य ती कारवाई..."

"थांबा," भाऊजी म्हणाले.

ते उभे राहिले. माईकपाशी आले. क्षणभर त्यांनी राजमतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी आपले पंचविशीतले केस उचलले आणि माझ्या हातातल्या नारळावर ठेवले.

नारळ एकदम देखणा दिसायला लागला.

"हा सहा पूर्णांक तीन," भाऊजी म्हणाले. "हा माझा नाही. कुणाचा आहे, मला माहीत नाही. शाकाहारी आहे, एवढं नक्की. माझं शनिवारचं ताट शाकाहारी नाही. पांढरा रस्सा. बारा वर्षं झाली. ते वहिनींना बारा वर्षं माहीत आहे आणि आत्तासुद्धा त्या बोलल्या नाहीत. डबा दोन मिनिटांत बोलतो. तुम्हाला गावात कोण पाहिजे ते तुम्ही ठरवा."

राजमतीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. नंतर कळलं, हसत होती. टोपाचा तिला पत्ता नव्हता असं कोण म्हणालं? नवऱ्याचा टोप दर बुधवारी शिकेकाईनं कोण धूत होतं, हे भाऊजींनी कधी विचारलंच नव्हतं.

परदेशी माणसानं फेटा वर सरकवला, नारळाकडे बघितलं आणि दुभाष्याला विचारलं, हा इथला मान देण्याचा प्रकार आहे का?

पुढचं थोडक्यात सांगते. डब्याची सगळी वाचनं तात्पुरती रद्द झाली, माझं, झाडाचं आणि चेन्नईच्या त्या अनोळखी भाविकाचंही. परिपत्रक चौकशीत अडकलं, त्यामुळं परवाना चालू आहे, पण 'पुढील आदेशापर्यंत'. टोणपेसाहेब परवा नवा फॉर्म घेऊन आले. खताचा प्रकार, सेंद्रिय का रासायनिक, एकावर खूण करा. मी पेन घेतलं, दोन्ही रकाने सोडले आणि मध्ये मोकळ्या जागेत लिहिलं, 'शाकाहारी'.

"काकू, असा रकानाच नाही."

"आहे की. आत्ता मी केला."

त्यांनी फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि पिशवीत ठेवला. नवं यंत्र येतंय म्हणाले, घामावरून सांगणारं. येऊ दे. आमच्याकडे उन्हाळा आहे, घामाला तोटा नाही.

शेडच्या दारावर मी एक पाटी करून घेतली. ती लावायला भाऊजीच शिडीवर चढले होते, उघड्या डोक्यानं, उन्हात चमकत. पाटीवर लिहिलंय: 'इथल्या झाडांना कारखान्याचं मीठ मिळतं. आलेल्या माणसाला चहा मिळतो. कोण काय खाऊन आलं ते इथं विचारत नाहीत.'

"सरळ आहे काय, वहिनी?"

"जरा डावीकडं घ्या. हां. झालं."

ते खाली उतरले, हात झटकले आणि घड्याळ बघितलं. शनिवार होता.

"निघतो. मीटिंग आहे."

"विषय काय आज?"

"पांढरा," भाऊजी म्हणाले. मग थोडा विचार करून, "आणि वेळ उरला तर तांबडा."